न्यूट्रल म्हणजे नेमका कोणता रंग?

‘न्यूट्रल आय लुक’ शोधलं की फोनवर जे व्हिडिओ येतात त्यांत एक वाक्य हमखास असतं: हा लुक सगळ्यांना शोभतो. ऑफिसला चालतो, कॉलेजला चालतो, साखरपुड्याला चालतो आणि मुख्य म्हणजे ‘काही लावलंय असं वाटत नाही’. साहित्यही फार लागत नाही. बारा किंवा अठरा खणांची प्लास्टिकची डबी, झाकणाला आतून आरसा. पहिला खण सायीच्या रंगाचा, मग बदामी, फिकट गुलाबी, कॉफी आणि शेवटी काळ्याकडे झुकणारा चॉकलेटी. मध्येच दोन-तीन चमचमणारे. अशी डबी आपल्याकडे दोन-तीनशे रुपयांत मिळते. परदेशातल्या मुली तिला ‘ड्रगस्टोअर’ माल म्हणतात, कारण तिथे औषधाच्या दुकानातच स्वस्त मेकअपचीही रांग असते. पेण किंवा रोह्याच्या मेडिकलमध्ये तापाची गोळी मिळते. आयशॅडो मिळतं ते कटलरीच्या दुकानात, बांगड्या, पिना आणि केसांच्या क्लिपांच्या शेजारी. नाहीतर मग ॲपवर.

प्रश्न डबीचा नाही, त्या शब्दाचा आहे. न्यूट्रल. मराठीत म्हणायचं तर तटस्थ, म्हणजे तटावर, काठावर उभा असलेला. जो प्रवाहात नाही, या बाजूचाही नाही आणि त्याही बाजूचा नाही. पण काठावर उभं राहायचं तर आधी काठ कुठे आहे ते ठरावं लागतं. रंगांच्या बाबतीत तो कुणी ठरवला?

हे कळायला फार पुस्तकं वाचावी लागत नाहीत. डबी उघडून पापणीवर लावून बघायची. माझी त्वचा लग्नाच्या जाहिरातीत ‘गव्हाळ’ आणि घरात ‘सावळी’ या सदरात मोडते. डबीवरच्या फोटोत जो रंग पापणीत विरघळून गेलेला दिसतो, तो सायीचा रंग माझ्या पापणीवर खडूसारखा बसतो. बदामी रंग राखट होतो, म्हणजे चुलीच्या कडेला हात लागल्यासारखा. फिकट गुलाबी लावला की डोळा आल्यासारखं वाटतं. कॉफी मात्र सुंदर लागतो. व्हिडिओत हा कॉफी रंग ‘डोळा गडद करण्यासाठी, बाहेरच्या कोपऱ्यात अगदी थोडासा’ वापरायचा असतो. माझ्या चेहऱ्यावर मात्र तोच खरा न्यूट्रल आहे. त्यांचा शेवटचा खण माझा पहिला खण आहे.

यामागे साधं रसायन आहे. पावडर आयशॅडोचा मोठा भाग रंगाचा नसतोच. त्यात टाल्क असतं, अभ्रक असतं, पावडर एकत्र धरून ठेवणारा एखादा तेलकट पदार्थ असतो. फिकट शेड हवी असेल तर टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे पांढरा रंग, जास्त घालतात. स्वस्त डबीत बहुतेक वेळा रंगद्रव्य कमी आणि भरणा जास्त. गोऱ्या त्वचेवर हा पांढरा भरणा लपतो, सावळ्या त्वचेवर तो वर येतो आणि राखट दिसतो. दोष त्वचेचा नसतो. पण आरशासमोर उभ्या असलेल्या सतरा वर्षांच्या मुलीला हे कुणी सांगत नाही. तिला वाटतं, सगळ्यांना शोभणारा रंग आपल्यालाच तेवढा शोभला नाही.

गंमत म्हणजे जे तपकिरी रंग आपल्याला लागू पडतात ते जगातल्या सगळ्यात जुन्या रंगांपैकी आहेत. डबीतला बदामी, विटकरी, कॉफी हे सगळे मुख्यतः लोहाच्या ऑक्साइडचे खेळ आहेत. लाल, पिवळं आणि काळं ऑक्साइड कमी-जास्त प्रमाणात मिसळलं की हे रंग होतात. रांगोळीखाली सारवतो तो गेरू म्हणजे तेच लोह. कोकणातला जांभा लाल दिसतो तोही त्याच्यामुळेच. म्हणजे आपल्या पायाखालची जमीन डबीत दाबून भरलेली असते, फक्त इतका पांढरा भरणा घालून की आपल्यालाच ती ओळखू येऊ नये.

आता हा पांढरा काठ आला कुठून? न्यूट्रल पॅलेटची अलीकडची लाट सुरू झाली ती 2010 साली अर्बन डिके या अमेरिकन कंपनीच्या ‘नेकेड’ नावाच्या बारा रंगांच्या डबीपासून. ती इतकी चालली की कंपन्यांची रांग लागली. आज आपल्या ॲपवर दिसणाऱ्या बहुतेक स्वस्त ‘न्यूड’ डब्या तिच्याच चुलत-मावस नात्यातल्या. नेकेड, न्यूड, म्हणजे उघडी त्वचा. कोणाची, ते सांगायची गरज कुणाला वाटली नाही. ही सवय त्याहून जुनी आहे. अमेरिकेतल्या क्रेयोलाच्या खडूंत फिकट गुलाबी-केशरी खडूला ‘फ्लेश’ म्हणजे मांस, त्वचा असं नाव होतं. 1962 साली त्यांनी ते बदलून ‘पीच’ केलं. आपल्याकडे मात्र शाळेत आजही मुलं एकमेकांना म्हणतात, ‘स्किन कलर दे ना जरा.’ आणि ज्या हाताने तो खडू घेतात त्या हाताचा रंग आणि खडूचा रंग यांची कधी गाठ पडत नाही. ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

‘स्किन कलर’ रोज, लिटरच्या हिशेबाने वापरणारं एक गाव रायगडमध्येच आहे. पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की पेणच्या आधी हमरापूर स्टेशन लागतं. हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे हा सगळा पट्टा गणपतीच्या मूर्तींचा. पेण शहरातली कला या गावांत पसरली आणि आता घराघरांत, शेडाशेडांत कारखाने आहेत. इथल्या मूर्ती मुंबई-पुण्याला जातात, दुसऱ्या राज्यांत जातात आणि परदेशातल्या मराठी घरांसाठी काही महिने आधीच बोटीने निघतात. जोहे गावात आषाढात कुठल्याही शेडमध्ये डोकावलं तर पांढऱ्या मूर्तींच्या ओळीच्या ओळी दिसतात. साच्यातून काढलेल्या, वाळलेल्या, पॉलिश पेपरने घासलेल्या. मग कॉम्प्रेसर सुरू होतो आणि गनमधून पहिला रंग बसतो. त्याला म्हणतात बॉडी कलर.

बॉडी कलर बहुतेक वेळा गुलाबीसर असतो. त्यावर गालाला, सोंडेला, पोटाच्या वळीला जरा गडद शेडिंग. केशरी, शेंदरी, निळसर अशाही मूर्ती होतात, पण गुलाबीला मागणी जास्त. रंगवणाऱ्यांत गावातल्या बायका-मुली मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या हाताच्या रंगाचा गणपती क्वचितच दिसतो. यात कारखानदाराला दोष देण्यात अर्थ नाही, गिऱ्हाईक मागतं ते तो बनवतो. आणि गिऱ्हाईक म्हणजे आपण. सावळ्या विठ्ठलापुढे टाळ कुटणारे आपण, लग्नाच्या स्थळात ‘निमगोरी’ असा शब्द शोधून काढणारेही आपणच. (निमगोरी! अर्धी गोरी. अर्धी सावळी असं कधी कुणी लिहिलेलं बघितलंय?) एका प्रसिद्ध क्रीमने 2020 साली नावातला ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातला. बॉडी कलरचं नाव बदलायचीही गरज नाही. बॉडी म्हटलं की कोणती, हे सगळ्यांना माहीत असतं.

तर न्यूट्रल म्हणजे रंग नसणं नव्हे. ज्या रंगाकडे बघायचं नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलंय, तो न्यूट्रल. आणि जे बघायचं नाही असं एकदा ठरलं, त्याच्या मागे बरंच काही लपवता येतं.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मग हा न्यूट्रल लुक म्हणजे निव्वळ फसवणूक, टाकून द्या ती डबी. मला तसं वाटत नाही. उलट या लुकमध्ये एक अशी गोष्ट आहे जी आपल्या बायकांना फार उशिरा मिळाली, आणि ती सोडू नये.

आपल्याकडचा चेहऱ्यावरचा पारंपरिक साज आठवून बघा. कुंकू, काजळ, हळद, मेंदी, बाळाच्या गालावरची तीट. यातलं काहीच न्यूट्रल नाही, प्रत्येक गोष्ट काहीतरी सांगते. तीट सांगते, नजर लावू नका. मेंदी सांगते, घरात कार्य आहे. कुंकू तर पूर्ण माहितीपत्रकच: लग्न झालं आहे, नवरा हयात आहे. आणि कपाळ मोकळं असेल तर तीही माहितीच. 2022 साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला नवऱ्याच्या मृत्यूनंतर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव करावा लागला. त्यानंतर राज्य सरकारने परिपत्रक काढून तो कित्ता इतर गावांपुढे ठेवला. म्हणजे कपाळावरच्या चिमूटभर रंगासाठी एकविसाव्या शतकात ग्रामसभा लागते. त्या रंगाला किती बोलायला लावलं होतं, याचा अंदाज यावरून येतो.

अशा चेहऱ्यावर कॉफी रंगाचं आयशॅडो काहीच बोलत नाही. लग्न झालंय का, कळत नाही. कुठल्या जातीची, कळत नाही. सण आहे की नाही, कोणासाठी नटली आहे, कळत नाही. माझ्या मते हे मोठं स्वातंत्र्य आहे. आपल्याला आपला चेहरा आवडावा इतक्यासाठी काहीतरी करणं आणि त्यातून दुसऱ्याला वाचायला काही न ठेवणं. लाल लिपस्टिक लावलेल्या मुलीला ‘आज काय विशेष?’ असं विचारलं जातं. पापणीवर मातकट रंग लावलेल्या मुलीला कुणी विचारत नाही. विचारलं न जाण्याची किंमत ज्यांना रोज विचारलं जातं त्यांनाच कळते. दोनशे रुपयांत ती मिळत असेल तर महाग नाही.

म्हणून ‘काही लावलंय असं वाटत नाही’ हे खोटं बोलणं आहे, असा आरोप मला पटत नाही. पुरुष दाढी कोरतात तेव्हा ती तशीच उगवली असं कुणी समजत नाही, आणि त्याला खोटारडाही म्हणत नाही. केस विंचरणं, इस्त्री करणं हे सगळं ‘काही केलं नाही’ असं दिसण्यासाठी केलेलंच असतं. खोटं तिथे येतं जिथे दुसऱ्याला फसवून काही मिळवायचं असतं. पापणीवरच्या तपकिरी रंगाने कुणाचं काय लुबाडलं जातं?

मला डाचतं ते पुढचं. मी आपणहून न दिसणं निवडणं आणि दुसऱ्याने मला ‘कर, पण दिसू देऊ नको’ असं सांगणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोकरीच्या जाहिरातीत ‘प्रेझेंटेबल’ असं लिहितात त्यात मुलींसाठी दुसरी गोष्ट दडलेली असते. बिनमेकअपची आलीस तर थकलेली दिसतेस, मेकअप दिसला तर भडक. मधली जी अरुंद वाट आहे तिचं नाव न्यूट्रल. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये एअर इंडियाच्या केबिन क्रूसाठीच्या सूचनांच्या बातम्या आल्या होत्या. आयशॅडो, लिपस्टिक, नेलपेंट यांच्या शेड कार्डाचं काटेकोर पालन करायचं, स्वतःच्या पसंतीचे रंग चालणार नाहीत, असं त्यांत होतं. मला हे एका अर्थी प्रामाणिक वाटलं. निदान लिहून तरी दिलं. बाकी ठिकाणी शेड कार्ड असतंच, फक्त ते नजरेत असतं आणि चुकल्याशिवाय दाखवलं जात नाही.

पेण-पनवेल पट्ट्यातल्या मुलींसाठी ही दूरची गोष्ट राहिलेली नाही. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन 2025 च्या ऑक्टोबरमध्ये झालं. मॉल, हॉटेल, बँकेचं काउंटर, शोरूम हे त्याआधीच आले होते. सकाळी लोकल किंवा एसटी पकडायची, त्याआधी डब्याचं बघायचं आणि मग पंधरा-वीस मिनिटं आरशासमोर. बेस, पापणीच्या घडीत मधला रंग, बोटाने जरा चमक, कडा पुसून एकजीव करणं. वाचायला सोपं आहे, पण कडा एकजीव करणं हे खरोखर कौशल्य आहे. स्वस्त पावडर गळते, डोळ्याखाली सांडते, दमट हवेत दोन तासांत घडीत जमा होते. महागड्या डबीपेक्षा स्वस्त डबीला हात चांगला लागतो. म्हणजे जिच्याकडे पैसे कमी तिने वेळ आणि कसब जास्त घालायचं. एवढं करून काम चांगलं झालं याची खूण काय, तर ते झालेलं कुणाला दिसू नये. या पंधरा-वीस मिनिटांचा पगार नाही, कारण ती मिनिटं अस्तित्वातच नाहीत. ‘तू तर काही लावतच नाहीस, किती साधी दिसतेस’ ही त्या कामाची सर्वात मोठी पावती. किती विचित्र पावती आहे ही!

आणि बोटाने लावायची ती चमक. ती अभ्रकाची. मूर्तीच्या शेल्यावर, मुकुटावर जे पर्ल रंग मारतात त्यांतली मोत्यासारखी झाकही बऱ्याचदा अभ्रकाच्या बारीक पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर देऊन केलेली असते. देवाचा शेला आणि मुलीची पापणी एकाच दगडाने चमकतात. हा दगड आपल्याकडे मोठ्या प्रमाणात झारखंडमधल्या कोडरमा आणि गिरिडीह भागातून येतो. जुन्या बंद खाणींच्या ढिगाऱ्यांतून अभ्रकाचे तुकडे वेचणं हे तिथल्या गरीब घरांचं काम, आणि त्यात लहान मुलंही असतात. 2016 मध्ये रॉयटर्सने तिथल्या बेकायदा खाणींत मुलांचे मृत्यू कसे दडपले जातात याची बातमी दिली होती. त्यानंतर 2017 मध्ये सौंदर्यप्रसाधनं आणि रंगांच्या कंपन्यांनी मिळून ‘रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह’ स्थापन केला. दोनशे रुपयांच्या डबीवर मात्र आतलं अभ्रक कुठून आलं ते लिहिलेलं नसतं. महागड्या डबीवरही बहुधा नसतं, म्हणून ‘स्वस्त वापरता म्हणून हे होतं’ असं गरीब मुलीला सुनावण्यात काही राम नाही. डबीच्या मागच्या बाजूला बघायचं ते उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत. हे नसेल तर कितीही स्वस्त असली तरी डोळ्याजवळ नेऊ नये. त्यापलीकडचा प्रश्न एकट्या गिऱ्हाइकाने सोडवायचा नाही, पण तो आहे हे माहीत असलेलं बरं.

पुन्हा जोह्याकडे येऊ, कारण डोळे रंगवण्याविषयी तिथल्या शेडमध्ये जे दिसतं ते कुठल्या व्हिडिओत नाही.

मूर्तीचं सगळं झाल्यावर, पितांबर, दागिने, गंध झाल्यावर शेवटी डोळे काढतात. त्याला आखणी म्हणतात. बॉडी कलर कुणीही शिकाऊ मारू शकतो, आखणीला मात्र ठरलेले हात असतात. बारीक ब्रशने आधी पापणीची रेघ, मग बुबुळ, मग आतला पांढरा ठिपका. रेघ केसभर सरकली की मूर्ती तिरळी दिसते, रागावलेली दिसते किंवा नुसतीच समोर बघते, कुणाकडेच नाही. चांगली आखणी झाली की घरात कुठेही उभं राहिलं तरी बाप्पा आपल्याकडेच बघतोय असं वाटतं. सगळी मूर्ती विकत घेताना आपण तेवढ्यासाठीच घेतो. ‘डोळे किती छान आहेत’ म्हणतो, ‘डोळे किती छान काढलेत’ असं क्वचित म्हणतो.

श्रीलंकेत बुद्धमूर्तीचे डोळे रंगवण्याचा एक विधी आहे. कारागीर मूर्तीकडे पाठ करून उभा राहतो, हातात आरसा धरतो आणि आरशात बघून खांद्यावरून मागे हात नेऊन बुबुळं रंगवतो. त्या पहिल्या नजरेला थेट सामोरं जायचं नाही, अशी समजूत. मला यातली भीती फार खरी वाटते. ज्याला आपण डोळे देतो तो मग आपल्याला बघणार असतो. आपल्याकडेही प्राणप्रतिष्ठेत नेत्रोन्मीलनाचा भाग असतो, म्हणजे आखलेले डोळे पुन्हा विधीने उघडायचे.

पापणी रंगवणाऱ्या मुलीलाही आरसा लागतो. पण तिथे बघणारी आणि बघितली जाणारी एकच असते. म्हणून मला डबीच्या झाकणातला तो स्वस्त, जरा लाटा मारणारा आरसा डबीतल्या बाराही रंगांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. त्यात बघून जो रंग आपल्या पापणीवर राखट न होता बसतो, त्याला न्यूट्रल म्हणायचा हक्क आपला. तो व्हिडिओतल्या मुलीचा शेवटचा खण असेना का. तो हाताच्या पाठीवर नव्हे तर पापणीवर लावून बघावा, ट्यूबलाइटखाली नव्हे तर दाराजवळच्या उजेडात. आणि एखाद दिवशी काहीच लावावंसं वाटलं नाही, किंवा सगळ्यांना दिसेल असा मोरपंखी लावावासा वाटला, तर तेही आपलंच.

जोह्यात भाद्रपदाच्या तोंडावर टेम्पो लागतात. मूर्ती पेंढ्यात, कागदात बांधल्या जातात, डोळ्यांवरून हात फिरणार नाही याची विशेष काळजी घेत. दोन-तीन दिवसांत शेड रिकामी होते. उरतात साचे, रंगाचे डबे, गन धुतल्याचं गुलाबी पाणी. आखणीवाल्या बायका घरी जाऊन स्वतःच्या घरच्या गणपतीच्या तयारीला लागतात. बॉडी कलर नखांच्या कडांत अडकलेला असतो. तो तांदूळ धुताना, मोदकाची उकड मळतानाही लवकर निघत नाही, आणि सावळ्या बोटांवर चांगलाच उठून दिसतो.